चांदीची दाढ

मी जात्याच संशयी. गवळ्यासमोरच दुधात बोट घालून बघणारा. नंदुरबारच्या आडत दुकानात माझी गादी टिकली ती याच स्वभावावर आणि उजवीकडच्या एका दाढेवर. शेतकऱ्याची गाडी आली की पोत्याच्या तळातून ज्वारी काढायची आणि दाणा त्या दाढेखाली धरायचा. कट्ट वाजला तर माल वाळका, चेपला तर ओला. माझ्या शब्दावर शेठ माल घेत, कारण ओली ज्वारी जमिनीखालच्या पेवात गेली की अख्खं पेव नासतं.

त्याच दाढेखाली एकदा खडा आला आणि तिचा कोपरा उडाला. आठ दिवसांत गालाचा भोपळा झाला.

बाजारात दात काढणारे एक चाचा बसत. त्यांनी बघितलं आणि काढून टाक म्हणाले. "भरशी तं दात ऱ्हाई, पारख जाई." चाचा पुढ्यातल्या लाल फडक्यावर उपटलेल्या दातांचा ढीग मांडून बसायचे. त्यांना ढीग वाढवायचाय, हे न कळायला मी काय दूधखुळा होतो? शेठही म्हणाले, काढून टाक. त्यांचा भाचा महिनाभर दुकानात रेंगाळत होता, तेव्हा तोही डाव माझ्या ध्यानात आला. दाढ गेली की गादी गेली. मी कोणाला न सांगता आगगाडीत बसलो आणि सुरतेला दातांच्या डॉक्टरकडे गेलो.

त्यानं कोरून कोरून दाढेत चांदी भरली. पण ती चांदीच कशावरून? परतल्यावर थेट सोनाराकडे गेलो, आ वासला आणि विचारलं, कथील तर नाही ना? तो हसून हसून बेजार. कसोटीचा दगड तोंडात घालता येत नाही म्हणाला. ठणका मात्र गेला होता. मी ऐटीत गादीवर बसलो.

त्या हंगामात धानोऱ्याच्या एका शेतकऱ्याची ज्वारी मी वाळकी म्हणून घेतली. चार महिन्यांनी पेव उघडलं तर भपकन वास आला. माझ्या दाढेखाली तर ती कट्ट वाजली होती! म्हणजे यानंच वजनासाठी खालची पोती भिजवली असणार. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा भर बाजारात मी त्याला चोर म्हटलं. तो पांढरा पडला.

"तूच दाना चाईसन लिधी ना?" एवढंच बोलला आणि भरली गाडी वळवून घेऊन गेला.

मग एकदा घरी बायकोनं बिबड्यांच्या पापडांसाठी ज्वारी उन्हात घातली होती. जाता-जाता सवयीनं दाणा चावला. कट्ट. वाळली, उचल आता, मी म्हणालो.

"आत्तेच धुईसन टाकेल शे ती," ती म्हणाली.

दुसरा दाणा डावीकडे चावला. चेपला. तिसरा पुन्हा चांदीखाली घेतला. कट्ट. साऱ्या जगावर संशय घेतला आणि स्वतःच्या तोंडावर तेवढा घेतला नाही. फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी चाचांपुढे जाऊन बसलो. दुखत नसलेली दाढ काढायला ते तयार होईनात. सगळी हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी पक्कड उचलली. आता ही ढिगात जाणार, असं मला वाटलं. त्यांनी ती चिंधीत बांधून माझ्याच हातात दिली. तशीच घेऊन मी धानोऱ्याला गेलो, शेतकऱ्याला दाखवली, चुकलो म्हणालो. तो बस म्हणाला नाही की पाणी विचारलं नाही.

पुढल्या हंगामात मी डावीकडच्या दाढेवर माल पारखत होतो, तेव्हा तो गाडी घेऊन आला. मी पोत्याला हात लावणार तेवढ्यात त्यानं मला थांबवलं.

"पहिले तोंड उघाड."

भाचा बघत होता, शेठ बघत होते, सगळा बाजार बघत होता. मी आ केला. त्यानं वाकून उजवीकडची रिकामी जागा नीट पाहिली आणि मग पोत्याची सुतळी सोडली.