पाचव्या खांबातली पट्टी

मी वायरमन आहे. वीस वर्षं वीज हाताळतोय, त्यामुळे दिवा उगाच लुकलुकला तरी मला आधी लूज कनेक्शनच आठवतं. असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी हसत आलोय. आता स्वतःच सांगायला बसलोय... वाचून हसलात तरी चालेल.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता जव्हारहून दाभोशाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टचं काम मिळालं. पार्किंगमध्ये आठ खांब, वर जुने पिवळे दिवे. ते काढून एलईडी लावायचे होते. अडचण एकच — खांबांत दोन फेज आणलेल्या, म्हणजे चारशेच्या वर व्होल्ट, आणि नवे दिवे दोनशे तीसचे. नवीन केबल टाकायची तर सगळे पेव्हर ब्लॉक उखडावे लागले असते. म्हणून प्रत्येक खांबाच्या बुडाशी, झाकणाच्या आत, एक छोटा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर बसवायचं ठरलं.

सोबत गंगाराम होता. वांगणीचा, माझ्याच वयाचा. बारा वर्षं आम्ही जोडीने काम करतोय. मेन स्विच बंद केला, फ्यूज काढून खिशात ठेवले. चार खांब जेवणाआधीच झाले. प्रत्येकात दोनच वायरी, तपासल्या, मेलेल्या.

पाचव्याचं झाकण मात्र गंजून चिकटलेलं. बोल्ट ग्राइंडरने कापावे लागले. झाकण पडलं तशी आतून वारुळाची माती सांडली. गंगाराम ओल्या जमिनीवर गुडघे टेकून माती उपसत होता. दोन वायरींच्या मागे तिसरी दिसली, काळी. तिला पांढऱ्या टेपची पट्टी गुंडाळलेली. एवढ्या मातीत, पण पट्टी स्वच्छ.

गंगारामने हात मागे घेतला. "दादा, तुमी इथं आधी आल्तात का?"

"नाही रे. का?"

"मग ह्यो तुमचा अक्षर कसा?"

वाकून पाहिलं. मार्करने लिहिलं होतं — 'ही चालु आहे'. मी डावखुरा, माझी अक्षरं डावीकडे कलतात. ती तशीच कललेली. खाली दोन रेघा, मी मारतो तशा. आणि 'चालू'मधला 'लु' ऱ्हस्व. ही चूक मी शाळेपासून करतोय.

टेस्टर लावला. पेटला.

मेन बंद, फ्यूज माझ्या खिशात, आणि ती वायर जिवंत. गंगारामची बोटं तिच्यापासून चार अंगुळांवर होती. तो उठून गाडीच्या सावलीत जाऊन बसला, मीही त्याच्या शेजारी.

नंतर शोधलं तेव्हा कळलं, ती वायर विहिरीच्या पंपाकडून येत होती. या खांबात कुणी आणली, कशाला, ते मॅनेजरला माहीत नव्हतं. त्याने जुन्या कॉन्ट्रॅक्टरला फोन लावून दिला. तो म्हणाला, "पंधरा वर्षांपूर्वी खांब उभे केले त्या दिवशी झाकणं लावली, त्यानंतर कुणी उघडली नाहीत." खांब उभे राहिले तेव्हा मी सिल्व्हासाला कंपनीत होतो. या रस्त्याला पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.

पट्टीचा फोटो काढला आणि घरी बायकोला दाखवला. ती जामसरच्या शाळेत शिकवते. काही सांगितलं नाही, नुसता मोबाइल पुढे केला.

"लू दीर्घ," ती म्हणाली. "किती वर्षं सांगतेय तुम्हाला."

"हे मी लिहिलंय असं वाटतं?"

"मग कोणी?" म्हणून ती भाकरी थापायला लागली.

काम पूर्ण झालं. काळी वायर आम्ही मुळापासून काढली. गंगाराम अजून माझ्यासोबतच असतो, पण त्या दिवसाबद्दल बोलत नाही. एकदाच म्हणाला, "तुमी लिवलं, मी वाचलो. बास." मी त्याला कितीदा सांगितलं, मी नाही लिहिलं.

पूर्वी हे अगदी ठामपणे सांगायचो. हल्ली सांगताना मधेच अडखळतो... का, ते मलाही कळत नाही.