न झालेल्या निर्णयाचे आभार

मी दौंडच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो. स्वतःचं फारसं बोलत नाही, म्हणूनच की काय, दुसऱ्याचं बोलणं पोचवायला मला बोलावतात. मुलांच्या पोषणाचं काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेच्या प्रमुख बाई केंदूरजवळच्या वस्तीवर अंगणवाडी बघायला आल्या, तेव्हा दुभाषा मीच होतो.

अशा लहान अंगणवाड्या बंद करून गावातल्या मोठ्या अंगणवाडीत मिसळायच्या, असं वर घाटत होतं. म्हणजे वस्तीवरच्या तीन-चार वर्षांच्या पोरांनी उसाच्या ट्रॅक्टरांचा रस्ता ओलांडून जायचं.

बाईंची गाडी यायच्या आधी सेविकाताईंनी मला बाजूला घेतलं.

"सर, आमच्या सरपंच आबांनी डांबरी कशी आणली ठाव हाय का? रस्ता मंजूर बी नव्हता, तवा भर सभेत आमदारांचे आभार मानून टाकले. हार घातला, पेढे वाटले. मग कुठं न्हाई म्हनत्यात?"

"बरं मग?"

"मग काय. बाईंना तेवढं आभाराचं सांगा की."

ते माझं काम नाही, असं म्हणून मी सटकलो. पण सभेत बाईंनी डोक्यावरचा फेटा सावरत मला विचारलं, भाषणाचा शेवट कशाने करू? मी म्हणालो, आमच्याकडे आभार मानतात. ही अंगणवाडी चालू ठेवल्याबद्दल मानावेत.

"तसं ठरलंय?"

"हो."

दुभाष्याने पदरचा शब्द घालू नये. मी अख्खं खोटं घातलं होतं. आणि वर हसू आवरेना.

बाईंनी मंचावर बसलेल्या, सरकारी खात्याच्या मोठ्या साहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "माझा निम्मा जन्म असेच आभार मानण्यात गेलाय," त्या हळूच म्हणाल्या. "सभासद देशाला आम्ही हुकूम देऊ शकत नाही. शाबासकी देता येते, कॅमेऱ्यासमोर."

मग त्यांनी शासनाच्या दूरदृष्टीचे असे काही आभार मानले, की मराठी करता करता माझाच आवाज चढला. बायका टाळ्या वाजवत उठल्या. आबांनी साहेबांना हार घातला. साहेब हारासकट उभे राहिले आणि म्हणाले, "शासन कटिबद्ध आहे."

खाली उतरल्यावर त्यांनी मला गाठलं. "यांना हे सांगितलं कुणी?"

"अभ्यास करून आल्या असतील, साहेब."

परतताना केडगावपर्यंत मी गाडीत एकटाच हसत होतो; ड्रायव्हरने दोनदा पाणी विचारलं. साहेबांना पुढे वरून काय ऐकून घ्यावं लागलं, ते विचारायचं धाडस मात्र मला आजवर झालेलं नाही. अंगणवाडी चालू आहे. सेविकाताई परवा फोनवर म्हणाल्या, "सर, पान्याच्या टाकीसाठी कुनी पाव्हनं हाय का बघा."

मी बघतो म्हणालो.