उस्तादाची उजवी चप्पल

व्हॅन विकायच्या आदल्या दिवशी मी तिच्या सीटा काढून झाडल्या. काय काय निघालं सीटखालून! अकरा पेन्सिली, एक मोजा, डब्यांची तीन झाकणं, अर्धी चकली आणि कुणाचा तरी पडलेला दुधाचा दात. आठ वर्षांत हे सगळं कधी साचलं, मला पत्तासुद्धा नव्हता. किस्से असेच साचतात. पण माझे सगळ्यात जास्त किस्से त्या आठ वर्षांतले नाहीत, शेवटच्या दोन महिन्यांतले आहेत. मी ट्रक शिकायला गेले होते तेव्हाचे!

व्हॅन म्हणजे शाळेची व्हॅन. सिडकोतली एकोणीस पोरं, दोन फेऱ्या. मार्चमध्ये शाळेने मीटिंग घेऊन सांगितलं, "जूनपासून व्हॅन बंद. फक्त बस." मीटिंग संपल्यावर हेडसरांनी मला बाजूला घेतलं. "मावशी, पोरं तुम्हालाच मागतात. बसवर तुम्हालाच ठेवतो. पण शाळा उघडायच्या आत हेवी लायसन्स दाखवा, नाहीतर कॉन्ट्रॅक्टर त्याचा ड्रायव्हर पाठवणार."

हेवी लायसन्स म्हणजे ट्रकवर शिकणं आलं. मी मुळात लाल सिग्नललासुद्धा स्वस्थ न बसणारी बाई. त्या दिवसापासून तर मी जेवायलाही नीट टेकले नाही. भाजी ढवळताना हात गिअर टाकायला लागला, तेव्हा सासूबाईंनी कढई माझ्यापासून लांब सरकवली.

*

पहिल्या ट्रेनिंग स्कूलला फोन केला. "हेवी शिकायचंय," म्हटलं.

"मिस्टरांचं वय किती?"

"चव्वेचाळीस. पण शिकायचंय मला."

"हो हो. मग मिस्टरांचं लाइट लायसन्स आहे ना?"

तीनदा सांगून झालं. चौथ्यांदा मी म्हटलं, "दादा, मिस्टर स्कूटरवर मागे बसतात आणि डोळे मिटून घेतात. ट्रक मी शिकणार आहे." पलीकडून आवाज आला, "मॅडम, आमच्याकडे लेडीजसाठी ॲक्टिव्हाची फार छान बॅच आहे!"

*

दुसरीकडे प्रत्यक्षच गेले. एसी ऑफिस, काचेचं टेबल, पाणी, चहा. मालकाने हसतमुखाने आकडा सांगितला. साडेबारा हजार.

"टाइम काय असतो?" मी विचारलं.

"टाइमचं टेन्शनच नाही, ताई. तुम्ही यायचीच गरज नाही!"

"मग ट्रक कधी चालवायचा?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी हॉटेलात जाऊन भांडी घासायला मागितली. "ताई, तुम्हाला लायसन्स पाहिजे ना? मग ट्रक कशाला पाहिजे?"

मला राग आला, खरंच आला. त्या बसमध्ये उद्या चाळीस पोरं बसणार होती. चहा अर्धा टाकून मी उठले.

*

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, निफाडला राहतात. कारखान्यावर उसाचा ट्रक चालवण्यात त्यांचा जन्म गेला. शेवटी त्यांनाच फोन केला. म्हटलं, एक जण नऊ हजार म्हणतो, एक साडेबारा, एक अकरा. कुठे जाऊ?

"फी-बी राहू दे बाजूला," अण्णा म्हणाले. "आधी उस्तादाची उजवी चप्पल बघ. शिकायच्या गाडीत त्याच्या पायाशी बी एक ब्रेक असतो. चप्पल अंगठ्याखाली झिजेल असली, तर तिथं पैसे भरू नको. फी तू देशील अन् गाडी तो चालवंल!"

संध्याकाळी मला सहज म्हणून आमच्या ह्यांची चप्पल दिसली. हे आठ वर्षं रविवारी माझ्या व्हॅनमध्ये शेजारी बसतात, आणि त्यांच्या पायाशी ब्रेक नाही. उजवी चप्पल अंगठ्याखाली आरपार गेली होती!

*

नऊ हजारवाल्याच्या उस्तादाचा बूट पाहिला. पुढून शिवलेला, तोही दोनदा. नमस्कार करून निघाले.

राहिले अकरा हजारवाले. पेठ रोडला एक पत्र्याची शेड, एक जुना ट्रक आणि गांगुर्डे उस्ताद. उस्ताद बागलाणकडचे, साठीचे, बारीक अंगाचे. बोलायला महाग, आणि बोललेच तर मध्येच अहिराणीवर जाणारे. मी त्यांच्या पायाकडे बघायला खाली वाकले, तर त्यांनी काय केलं? चपला काढून शेडच्या दाराशी ठेवल्या आणि अनवाणी ट्रकमध्ये चढले! गाडीवर पोट चालतं, म्हणून तीस वर्षं त्यांनी चप्पल घालून केबिनमध्ये पाय ठेवलेला नाही. दाराशी ठेवलेली चप्पल कोरी करकरीत होती. तिच्यावरून काय ओळखणार, कपाळ?

अण्णांना विचारलं. अण्णा विचारात पडले. म्हणाले, "मंग आता तळपाय बघावा लागंल."

साठ वर्षांच्या परक्या माणसाला "तळपाय दाखवा" कसं म्हणायचं! मी फी विचारली.

"अर्धी आज," उस्ताद म्हणाले. "अर्धी मी मागेन तेव्हा."

*

पैसे आमच्या बिल्डिंगच्या भिशीतले. नंबर माझा ऑगस्टमध्ये होता, तो मी हातापाया पडून एप्रिलमध्ये घेतला. पाकीट हातात देताना बायका विचारायला लागल्या. या भिशीतून आजवर फ्रिज आलाय, पाटल्या आल्यात, एकीचा नवरा दुबईला जाऊन आलाय.

"तू काय घेणार?"

"ट्रक," मी म्हटलं.

"घेतेस?"

"शिकतेय."

शेजारच्या मंदाताईंनी पाकीट क्षणभर सोडलंच नाही. म्हणाल्या, "म्हणजे एवढे पैसे जाऊन घरात काहीच येणार नाही?"

*

बॅचमध्ये आम्ही तिघं. मी, पगारे साहेब आणि भोये.

पगारे साहेब सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. लहानपणापासून ट्रक चालवायची हौस होती, ती पेन्शन सुरू झाल्यावर पुरी करत होते. उस्ताद जे बोलतील ते डायरीत उतरवायचे, मुद्दा क्रमांक घालून. एकदा द्वारकेच्या चौकात त्यांच्या हातून ट्रक बंद पडला. मागे हॉर्नचा कल्लोळ. साहेबांनी शांतपणे चष्मा लावला, डायरी काढली आणि पानं उलटायला लागले. मागचा टेंपोवाला तणतणत खिडकीशी आला. "ओ काका, काय वाचताय?"

साहेबांनी बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "मुद्दा क्रमांक चार. मागच्यांकडे लक्ष देऊ नये!"

*

भोये पेठकडचा. डोंगरातला माणूस, दिवसभरात चार शब्द. हात मात्र असा साफ की उस्तादसुद्धा खिडकीबाहेर बघत बसायचे. एका दुपारी उस्ताद डॉक्टरकडे उतरले आणि त्यांच्या पुतण्याला शेजारी बसवून भोयेला म्हणाले, "गिरणाऱ्याकडून एक चक्कर मारून आण."

तासाभराने ट्रक आला. मागे हौद्यात नऊ माणसं, एक शिलाई मशीन आणि दोन बोकड!

"हे कोण?" उस्तादांनी विचारलं. पुतण्याने भोयेकडे बोट केलं.

"माहीत नाय," भोये म्हणाला.

"मग बसवले कशाला?"

भोयेला प्रश्नच कळेना. त्यांच्याकडे गाडी जाते आणि कुणी उभं असतं, म्हणजे गाडी थांबते. "हात केला ना त्यांनी," तो म्हणाला.

*

दुसऱ्याला हसायला माझं काय जातं! अकराव्या दिवशी सकाळी सात वाजता उस्ताद म्हणाले, "आज शहरातून घ्या." मी घेतला. डोक्यात शाळा, जून, लायसन्स असं चक्र फिरत होतं. हात आपले आपण चालले होते. त्यांनी आठ वर्षं सकाळी सातला जे केलं तेच केलं. ट्रक सिडकोत आमच्या गल्लीत घातला, गुलमोहराखाली उभा केला आणि तीनदा हॉर्न दिला!

पहिल्या मजल्यावरून ईशानची आई धावत आली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात अर्धवट झोपेतला ईशान. "शाळा सुरू झाली? सुट्टी संपली?" ईशानने डोळे चोळून ट्रककडे पाहिलं आणि विचारलं, "मावशी, मी खिडकीत बसू?"

गल्ली पुढे बंद होती. रिव्हर्सचा धडा सतराव्या दिवशी होता, माझा अकराव्या दिवशीच झाला. दोन स्कूटर, एक भाजीची गाडी आणि अख्खी गल्ली मला हात दाखवत होती, प्रत्येक जण वेगळ्या दिशेला. त्या चाळीस मिनिटांत मला रडू फुटलं होतं. पण आरसा सोडला नाही.

*

माझं खरं दुखणं वेगळंच होतं. त्या ट्रकचे दोन्ही ब्रेक एकमेकांना जोडलेले. उस्तादांनी तिकडून दाबला की माझ्या पायाखालचं पेडल आपोआप खाली जायचं. गाडी थांबायची, वेळेवर थांबायची. पण थांबवली कुणी?

"उस्ताद, आत्ता ब्रेक मी मारला की तुम्ही?"

"गाडी उभी शे ना? मंग!"

रोज दहा वेळा विचारायचे, दहा वेळा हेच उत्तर. खाली बघावं तर रस्त्यावरची नजर हटते, आणि नजर हटली की उस्ताद डॅशबोर्डवर बोटाने टकटक करायचे. रात्री झोपेत मी म्हणे पाय झाडायचे. हे एकदा वैतागून म्हणाले, "अगं, थांबतेय ना गाडी? तुला काय करायचंय कुणी थांबवली?"

"शाळेच्या बसमध्ये शेजारी उस्ताद नसणार आहेत," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी माझ्याआधी उठून माझा डबा भरून ठेवला होता.

*

अठराव्या दिवशी उस्तादांनी भोयेकडे बाकीची फी मागितली. तेविसाव्या दिवशी पगारे साहेबांकडे. साहेबांनी पावती मागितली, ती डायरीत चिकटवली आणि आम्हाला पेढे दिले.

माझं पाकीट पर्समध्येच. साडेपाच हजार. घामाने पाकिटाचा कागद मऊ पडला, कोपरे झिजले. पंचविसाव्या दिवशी मी होऊन पुढे केलं.

"उस्ताद, बाकीचे घ्या."

"अजून नाय."

सव्विसाव्या दिवशी, "अजून नाय." सत्ताविसाव्या दिवशी मी पाकीट डॅशबोर्डवर ठेवून उतरले, तर ते मागून हाका मारत आले आणि हातात देऊन गेले. घरी सांगितलं तर हे म्हणाले, "लोक फी बुडवायला बघतात आणि तू द्यायला पळतेयस!"

कसं सांगू? शुक्रवारी टेस्ट होती, पुढच्या आठवड्यात शाळा. सरांचा फोन येऊन गेला होता की कॉन्ट्रॅक्टरने ड्रायव्हर बघून ठेवलाय. आणि जगातला एक माणूस माझे पैसे घ्यायला तयार नव्हता. मी पाकिटात नोटा पुन्हा पुन्हा मोजायचे, जणू त्याच कमी पडत होत्या.

*

बुधवारी उस्ताद म्हणाले, "पेठच्या घाटात जाऊ." मागे हौद्यात वाळूच्या गोण्या भरलेल्या. चढताना काही वाटलं नाही. वर टपरीवर आम्ही चहा घेतला, उस्तादांनी कागदाच्या पुडीत शेंगा घेतल्या आणि आम्ही उतरायला लागलो.

ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरायचं, एवढं एकच त्यांनी सांगितलं. एक वळण, दुसरं, तिसरं. डाव्या हाताला दरी, उजव्या हाताला कातळ, मागून वाळू ढकलतेय. चौथं वळण घेतलं आणि समोर बघते तो भर उतारावर, रस्त्याच्या मधोमध एक जीप उभी! कुणीतरी हात केला होता. टपावर माणसं, मागे लटकलेली माणसं, आणि एक म्हातारी आरामात गाठोडं आत देत होती.

पेडल खाली गेलं. गोण्या सरकल्या, ट्रक कण्हला, फुस्स झालं आणि आम्ही उभे राहिलो. जीप आणि आमच्यात दोन हात अंतर. म्हातारीने वळून माझ्याकडे पाहिलं, मग गाठोड्यामागून स्वतः आत चढली. जीप गेली.

हँडब्रेक ओढला. गाडी उभी होती, म्हणून पहिल्यांदाच धीर करून डावीकडे वळले.

"उस्ताद, आत्ता मी की..."

उस्ताद सीटवर मांडी घालून बसले होते. दोन्ही तळपाय वर. मांडीवर रुमाल पसरलेला आणि त्यात शेंगांच्या टरफलांचा हा एवढा ढीग. शेवटची शेंग त्यांनी फोडली, दाणे तोंडात टाकले, रुमालाची चार टोकं जमवून गाठ मारली आणि हात पुढे केला.

"ताई, बाकीची फी आणली का?"