लिलावातल्या मोटारीची चावी

ती घटना आठवली नाही असा एक आठवडाही माझा अजून गेलेला नाही.

पोलीस खात्यातून मी निवृत्त झालो तो वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. हारतुरे नाहीत, पेन्शन नाही. राजीनाम्याचा कागद टेबलावर ठेवला आणि बाहेर पडलो. त्यानंतर निजामी राज्याच्या जुलमाविरुद्ध पत्रकं लिहिली, ती वाचून लोक मला धीट म्हणाले. आता ते राज्य गेलं. पण एका जुलमाबद्दल मी एकाही पत्रकात एक ओळसुद्धा लिहिली नव्हती, कारण तो मीच केला होता. तो आज लिहितो. नाव कुणाचंच देत नाही.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. उस्मानाबाद जिल्ह्यात सोलापूर रस्त्यावरच्या एका ठाण्यावर मी अमीन होतो. आता ज्याला फौजदार म्हणतात, तोच हुद्दा. चार्ज घेऊन तीन महिने झाले होते. चार्ज घेताना मला रोजनामचा, बेड्या, कंदील आणि चाव्यांचा एक जुडगा मिळाला. जुडग्यात तिजोरीची, कोठडीची, मालखान्याची अशा चाव्या होत्या, आणि एक चपटी, पितळी, कशाची ते कुणालाच ठाऊक नसलेली. सरकारी ठाण्यात असली चावी कुणी फेकत नाही. आधीच्यानं सही करून दिली, मी सही करून घेतली, जुडगा खुंटीला टांगला.

गावात मोटार एकच. एका लिंगायत आडत्याची, बरीच जुनी. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्या मोटारीच्या डाव्या दाराचं कुलूप खराब झालं होतं. जीभ झिजलेली, त्यामुळे खड्डा आला की दार आपोआप उघडायचं. अण्णांनी दाराला सुतळी बांधली होती. बाजारात पोरंटोरं ओरडायची, "अण्णा, मोटार गाभण हाय का? दावं लावलंय!"

शेवटी अण्णांनी मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री जातीनं लोहार, सोलापुरात मोटारींचं काम शिकून आलेला. त्यानं दाराचा आतला पुठ्ठा काढला, झिजलेलं कुलूप सोडवलं आणि त्याच कंपनीच्या एका मोडीतल्या मोटारीचं कुलूप तिथं बसवलं. त्या मोडीबरोबर चावी आली नव्हती. मग यानं कोऱ्या पट्टीवर दिव्याची काजळी धरली, ती कुलपात घालून फिरवली, जिथं काजळी पुसली तिथं कानस मारली, पुन्हा काजळी, पुन्हा कानस. अशी चावी तयार केली आणि अण्णांच्या हातात दिली. दार ठाक्कन लागायला लागलं. अण्णांनी सुतळी काढून फेकली.

पंधरा दिवसांनी अण्णा मुलीच्या लग्नाचा बस्ता घेऊन सोलापूरहून आले. तेव्हा कापड मिळणं म्हणजे देव भेटणं. बाजाराचा दिवस, दुपारची वेळ, गर्दीमुळे मोटार गल्लीत जाईना. म्हणून अण्णांनी ती ठाण्याच्या भिंतीलगत उभी केली. ठाण्याइतकी सुरक्षित जागा कुठली? बाकीची दारं आतून लावली, डाव्या दाराला कुलूप घातलं आणि गडी आणायला गेले. अर्ध्या तासात परत आले तर कुलूप जसंच्या तसं, काच शाबूत, आणि शालू-लुगड्यांचं गठडं नाही.

अण्णा माझ्यासमोर बसले ते घाम पुसतच. "साहेब, लग्न आठ दिवसांवर आलंय. पोरीला काय नेसवू? पोत्याचं बारदान?"

संध्याकाळच्या आत खबर आली. ती माझ्या दफेदारानं आणली. पन्नाशीचा, खात्यात मुरलेला माणूस. म्हणाला, "साहेब, लांब कशाला जायचं? बिनचावीची चावी करणारा गावात एकच हाय. एक अण्णांना दिली, एक घरी ठेवली. झालं काम."

खबर पटली. खबर लगेच पटली की तपास करणाऱ्यानं थांबावं, हे मला आज कळतं. तेव्हा मी मोटार मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात ओढून घेतली, लिंबाखाली उभी केली आणि मिस्त्रीला आणवलं.

तो आला तो हसत. त्याला वाटलं, ठाण्याचं काही दुरुस्तीचं काम असेल.

"ह्या कुलपाची चावी पुन्हा करून दाखवशील?" मी विचारलं.

"दाखवतो की साहेब. कानस तेवढी आणू द्या."

दोन पंचांसमोर त्यानं बैठक मारली. काजळी, कानस, फुंकर. मान वाकडी करून कुलपाला कान लावायचा आणि स्वतःशीच बोलायचा, "हां, इथं अडतंय व्हय रं तू." चावी फिरली, दार उघडलं. त्यानं कौतुकाच्या आशेनं माझ्याकडं पाहिलं. मी पंचनाम्यावर पंचांच्या सह्या घेतल्या आणि त्याला कोठडीत घालायला सांगितलं.

माणसाचं कसब त्याच्याच हातून करवून घेतलं आणि तेच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून लिहिलं. याला मी तेव्हा हुशारी समजत होतो!

तफतीश, म्हणजे चौकशी, तीन दिवस चालली. मिस्त्रीचं म्हणणं एकच.

"म्या एकच चावी केली साहेब. दुसरी न्हाय."

"मग कुलूप कुणी उघडलं? भुतानं?"

"ते मला कसं ठावं? कुलूप तर तुमच्याच लिलावातलं हाय."

"ठाण्याचं नाव घेतोस?" मी मुस्काटात मारली. आणि दफेदाराला खूण केली.

दफेदारानं वेत काढला. मिस्त्रीचे दोन्ही तळहात पुढं धरायला लावले. मी खुर्चीवर बसून होतो. उजव्या हाताचं पहिलं बोट तिसऱ्या दिवशी वाकडं झालं. इकबाल, म्हणजे कबुली, मात्र त्यानं दिली नाही.

चौथ्या दिवशी दुपारी त्याची बायको आली. फडक्यात भाकरी बांधून आणली होती. ती द्यायला परवानगी हवी म्हणून माझ्यासमोर उभी राहिली.

"नवऱ्याला समजाव," मी म्हणालो. "गठडं कुठं आहे सांगितलं तर सुटेल."

"असंल तर सांगंल नव्हं?" ती म्हणाली. रडत नव्हती. "साहेब, माझी अक्कल बायामाणसाची. पर एक इचारते. ज्या मोटारीचं ते कुलूप हाय, त्या मोटारीला चावी व्हतीच की कवातरी. ती कुठं गेली?"

"कुठली मोटार?"

"आता काय सांगावं! ह्या ठाण्याचीच की. गेल्या साली इथंच, ह्याच लिंबाखाली लिलाव झाला. तवा तुमी न्हवता. ह्यांनी दारं इकत घेतली. चावी मागितली तर ठाण्यातले म्हणले, हरवली."

मी लेखणी खाली ठेवली. मग मान वर केली तर समोर खुंटी. खुंटीवर जुडगा.

उठलो. पितळी चावी जुडग्यातून न काढता तसाच आवारात गेलो. चावी कुलपात घातली. ती अडली नाही, काजळी लागली नाही, कानस लागली नाही. लोण्यात सुरी जावी तशी फिरली आणि दार उघडलं.

ओट्यावर दफेदार चहा पीत होता. त्यानं बशी खाली ठेवली. त्याला काही विचारायची गरज उरली नाही. ठाण्याची ती जुनी मोटार चालवायला कोण होतं, हे मी ठाण्यातल्या जमादाराला विचारलं तेव्हा त्यानं नुसतं ओट्याकडं पाहिलं.

गठडं आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला दफेदाराच्या मेव्हण्याच्या घरी सापडलं. भर बाजारातून दफेदारानंच ते खांद्यावर नेलं होतं. वर्दीतल्या माणसाच्या खांद्यावर ओझं दिसलं की बाजार विचारत नाही, वाट देतो. दफेदार मला म्हणाला, "माझ्या बी घरी लग्न हाय साहेब. कापड कुठं मिळतंय?" त्याच हातानं त्यानं मिस्त्रीला मारलं होतं, आणि मारताना त्याला सगळं ठाऊक होतं. पण आज त्याच्यावर ओरडून मी मोकळा होणार नाही. खूण मी केली होती.

रिपोर्ट घेऊन मी मोहतमीमांकडे, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस साहेबांकडे गेलो. त्यांनी तो शांतपणे वाचला. "माल मिळाला, मुद्दई अण्णा खूश. ठाण्याची अब्रू कशाला काढता? माल बेवारस सापडला असं लिहा. मुलजिमाला, त्या मिस्त्रीला, पुराव्याअभावी सोडा. दफेदाराची बदली मी करतो."

मी तसंच लिहिलं. माझ्याच हातानं, माझ्याच शाईनं. "निर्दोष" लिहायचं होतं तिथं "पुराव्याअभावी" लिहिलं.

अण्णांच्या मुलीचं लग्न ठरल्या दिवशी लागलं. मिस्त्री त्या आधी दोन दिवस सुटला. जाताना तो उंबऱ्यात थांबला, उजवा हात डाव्या हातात धरून.

"साहेब, एक चिठ्ठी लिवून द्या."

"कसली?"

"चोर म्या न्हाय, एवढंच. तुमची सही. लोकास्नी दाखवीन."

"सुटलास ना? मग चिठ्ठी कशाला?"

"सुटलो व्हय," तो म्हणाला. "पर गावात कुणी मला कुलपाला हात लावू दील का?"

मी रोजनामच्यात डोकं घातलं. तो उंबरा ओलांडून गेला.

गावात कुणी त्याला कुलपाला हात लावू दिला नाही. गावाला एवढंच कळलं होतं की पुरावा मिळाला नाही. म्हणजे चोर हुशार निघाला. दिवाळीच्या आत नवरा-बायको घर सोडून गेले. कुणी म्हणालं ईट गावाला, कुणी म्हणालं कळंबला, तिथं तो आडतीत पोती शिवतो. तीन महिन्यांनी मी राजीनामा दिला. लोक त्याला बाणेदारपणा म्हणतात. म्हणोत. चिठ्ठी द्यायला चार ओळींचा कागद लागला असता. तेवढा बाणा मला त्या दुपारी नव्हता.

या प्रकरणानं काय शिकवलं असं विचाराल, तर एवढंच सांगतो. आरोपीनं पहिल्या दिवशी सांगितलेली गोष्ट तपासून पाहायची, ती आपल्याच ठाण्याकडं बोट दाखवत असेल तर सगळ्यात आधी. मिस्त्रीनं मला ती पहिल्याच दिवशी सांगितली होती. मी त्याला मुस्काटात मारून उत्तर दिलं.

राज्य बदलल्यावर कळंबला दोनदा गेलो, ईटला एकदा. आडतीतून विचारलं. वाकड्या बोटाचा माणूस कुणी पाहिला नव्हता. किंवा माझ्यासारख्याला सांगावंसं वाटलं नसेल. येताना त्या ठाण्याच्या गावात उतरलो. अण्णांची मोटार दारातच उभी होती. डाव्या दाराचं कुलूप त्यांनी काढून टाकलं होतं. दाराला सुतळी बांधली होती.

मी घरात गेलो आणि अण्णांना सगळं सांगितलं, खुंटीवरच्या जुडग्यापासून. ते उठले. फडताळातून ते काढलेलं कुलूप आणून माझ्यापुढं ठेवलं. त्यात मिस्त्रीनं केलेली चावी तशीच होती. मी फिरवली. जीभ बाहेर आली, आत गेली. कुठंही अडलं नाही.

"चांगलं काम केलं होतं की हो त्यानं," अण्णा म्हणाले.

कुलूप मी मागून घेतलं. ते माझ्या टेबलावर आहे आणि त्याच्याखाली सही केलेली चिठ्ठी आहे. ज्याची आहे त्यानं यावं, किंवा त्याच्या घरच्या कुणीही यावं. नाव सांगायची गरज नाही. कोऱ्या पट्टीवर काजळी धरून दाखवली तरी मी ओळखेन.