पुठ्ठ्यामागचा पंखा

वैशाली सलूनच्या आतल्या खोलीत, स्प्रेसाठी उभारलेल्या छोट्या तंबूत गुडघ्यांवर बसली होती आणि तिला श्वास घेता येत नव्हता. माझ्या हातात स्प्रे गन होती. खोलीत इतकं धुकं झालं होतं की समोरच्या आरशात मी मलाच दिसत नव्हते. आधी वाटलं, घशात थोडं गेलं असेल, खोकेल आणि थांबेल. मग तिच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मी मशीन बंद केलं.

बंद दाराबाहेरून मशीन विकायला आलेला सेल्समन ओरडला, "काय झालं? मशीन का थांबलं?"

"मुलीला धाप लागलीये."

"एक्झॉस्ट चालू आहे ना?"

"चालू आहे," मी म्हणाले. खोटं नव्हतं. पंखा गरगरताना ऐकू येत होता.

वैशालीने खुंटीवरच्या पर्सकडे बोट दाखवलं. मी पर्स जमिनीवर पालथी केली. कंगवा, रुमाल, बसचा पास, पॅडची पुडी. ती पुडीकडेच बोट दाखवत राहिली. मला राग आला. जीव चाललाय आणि हिला पॅड हवंय. पण पुडी उचलली तर हाताला जड लागली. आत दम्याचा पंप होता.

तिने तो तोंडात धरून दोनदा दाबला. मी दार उघडलं, तिच्या अंगावर मोठा टॉवेल टाकला आणि सेल्समनला म्हटलं, "तिकडे तोंड करा आणि मॅडमना गाडी काढायला सांगा." त्याने दोन्ही कामं केली. तेवढ्यापुरता बरा माणूस होता.

आता हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगते.

मी तेव्हा कल्याणीनगरच्या एका सलूनमध्ये सगळ्यात जुनी बाई होते. येरवड्याहून चालत यायची. माझी शाळा चौथीपर्यंत, पण हात चांगला. मालकीण मेधामॅडम नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे तीन वर्षं परदेशात राहून आल्या होत्या. आजूबाजूला कंपन्या उघडत होत्या आणि परदेशी साहेबांच्या बायका आमच्याकडे येऊ लागल्या होत्या. एकदा त्यांच्यातल्या पाच-सहा जणींनी विचारलं, तुम्ही स्प्रे टॅन करता का? त्यांची मोठी पार्टी होती आणि सगळ्यांना सावळं होऊन जायचं होतं.

मी वीस वर्षं पुण्याच्या मुलींना उजळ करण्यात घालवली होती. बेसन, ब्लीच, काय काय फासलं. आणि या बायका सावळं व्हायला पैसे मोजणार होत्या. मला इतका आनंद झाला की त्या आठवड्यात मी कुणावर ओरडले नाही.

स्प्रे टॅन म्हणजे रंग नव्हे. साखरेपासून काढलेलं एक औषध पाण्यात मिसळलेलं असतं. ते कातडीच्या वरच्या मेलेल्या थराला लागलं की तो थर तपकिरी होतो, कापलेलं सफरचंद होतं तसा. आठ-दहा दिवसांत उतरतो. औषध अंगावर सारखं बसलं पाहिजे, म्हणून मशीन लागतं.

सेल्समनने तीन प्रकार सांगितले. पहिला कॉम्प्रेसर. हवा दाबून साठवायची आणि बारीक भोकातून सोडायची, गॅरेजमध्ये गाडीला रंग मारतात तसं. दुसरं टर्बाइन, म्हणजे उलटा व्हॅक्यूम क्लीनर. हवा भरपूर, दाब कमी, थेंब जरा जाड. तिसरा बूथ, टेलिफोन बूथएवढं कपाट. गिऱ्हाइकाने आत उभं राहायचं, बाकी सगळं कपाट करतं.

मॅडमना बूथ हवा होता. सेल्समनला कॉम्प्रेसर खपवायचा होता. मला तिन्ही चालवून बघायचे होते. मशीन दिसलं की माझे हात शिवशिवतात, आजही.

कॉम्प्रेसरची ट्रायल ठरली. माझ्या दंडावर मारून पाहिलं, पण माझी कातडी सुरकुतलेली, काही कळेना. वैशाली म्हणाली, "मावशी, माझ्यावर मारा ना. मी आधीच काळी, घरी कुणाला कळणार पण नाही." आमच्याच सलूनमधली, तेवीस वर्षांची, कामाला चलाख. मॅडमनी सांगितलं होतं की मशीन आधी जी शिकेल ती ते सांभाळेल, पगारही वाढेल. तिला ती जागा हवी होती.

ती अंगावर फक्त आतले कपडे घालून उभी राहणार, म्हणून सेल्समन बाहेर. तो दाराआडून सांगणार, मी आत करणार. खिडकी बंद. आणि एक्झॉस्ट पंख्याच्या भोकावर आतून पुठ्ठा. तो पुठ्ठा मीच दोन वर्षांपूर्वी ठोकला होता, कारण शेजारच्या बिल्डिंगच्या जिन्यावरून वॉचमन डोकावायचा. पंखा पुठ्ठ्यामागे फिरत होता आणि बाहेरची हवा बाहेर फेकत होता. हे गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं.

हॉस्पिटलमध्ये वैशालीला मास्क लावला. तासाभरात ती नीट बोलायला लागली. डॉक्टर म्हणाले, पंप नसता तर अवघड होतं. मॅडमनी तिला विचारलं, "दमा आहे तर बोलायचं नाही का?"

उत्तर तिच्या आईकडून मिळालं. आई धावत आल्या आणि मुलीकडे बघायच्या आधी माझा हात धरून म्हणाल्या, "ताई, कुठे बोलू नका हं. पुढच्या महिन्यात लग्न आहे तिचं. मुलाकडच्यांना माहीत नाही."

"मुलगी मेली असती तर काय सांगितलं असतं त्यांना?" मी विचारलं.

"असं अभद्र बोलू नये."

"पंप पॅडच्या पुडीत लपवायचा, हे शुभ आहे?"

त्या माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. मला फरक पडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुठ्ठा उपटला. त्या जागी खाली झुकलेल्या पट्ट्यांची जाळी बसवून घेतली. हवा जाते, नजर येत नाही. मग टर्बाइन ट्रायलला मागवलं आणि स्वतःच्या दोन्ही पायांवर मारलं. थेंब पायावर बसले, उरलेले जाळीतून गेले. आरशात मी मला दिसत होते. आठवडाभर माझे पाय पार्टीला निघालेल्या परदेशी बाईचे असावेत तसे होते, साडीखाली वाया गेले.

"बूथ दिसायला छान असतो हो, मावशी," मॅडम म्हणाल्या.

"कपाटात कपडे ठेवतात. माणूस ठेवायला मी तयार नाही."

टर्बाइन घेतलं. पुढून उघडा तंबू घेतला. आणि मी एक इंग्रजी शब्द पाठ केला, अस्थमा. पार्टीच्या आदल्या दिवशी पहिली बाई आली तेव्हा तिला तेवढंच विचारलं. ती "येस" म्हणाली, बॅगेतून पंप काढला आणि गाडीच्या किल्लीशेजारी काउंटरवर ठेवून दिला. वैशाली बिल करत होती. ती त्या पंपाकडे बराच वेळ बघत राहिली.

त्या बाईला मी तंबूत घेतलं नाही, हातानेच टॅनचं लोशन लावलं. ती तक्रार न करता गेली. बाकीच्या पाचजणींचं काम मशीनने झालं.

त्या रविवारी वैशालीने लग्न ठरलेल्या मुलाला भेटून सगळं सांगितलं. सोमवारी मला म्हणाली, "त्याने विचारलं, तुला धूळ चालते का? धायरीत त्यांच्या घराचं काम चाललंय."

"मग?"

"मग लग्न दोन महिने पुढे. प्लास्टर वाळेपर्यंत."

त्या मावशीमुळेच सगळं लांबलं, असं तिच्या आई तिला म्हणाल्या. असेल.

मशीन घेताना त्याची ताकद सगळे विचारतात. आतली हवा कुठून बाहेर जाणार हे आधी बघावं, आणि आत उभं राहणाऱ्या माणसाला काय होतंय ते तोंडाने विचारावं. सेल्समनने "एक्झॉस्ट चालू आहे ना" एवढंच विचारलं, मी "चालू आहे" म्हणाले, आणि ते खरंच होतं.

टर्बाइन पुढे वैशालीनेच सांभाळलं, तोंडाला मास्क लावून. तिला धाप लागली त्या दिवशी खोलीत आम्ही दोघीच होतो, ती आणि मी. दोघी जिवंत आहोत.