मिठागरवाल्यांच्या फळीवर पुडीचं मीठ

शॉट तयार होता. लाइट लागले होते, नायिका चुलीपुढं बसली होती. तेवढ्यात, ज्यांच्या घरात आमचं शूटिंग चाललं होतं त्या कमलमावशी सरळ फ्रेममध्ये आल्या, फळीवरचं मिठाचं पाकीट उचललं आणि बाहेर ओटीवर नेऊन ठेवलं.

"ह्या हितं नाय चालनार," एवढंच म्हणाल्या.

ते पाकीट फळीवर मी ठेवलं होतं. मोजून मापून, नाव कॅमेऱ्याकडं करून. मी मालिकेची आर्ट डायरेक्टर. पडद्यावर दिसणारी प्रत्येक वस्तू, मग ती पलंगाची चादर असो की मिसळणाचा डबा, आमच्या खात्याची.

आमच्या धंद्यात याला इंटिग्रेशन म्हणतात. मालिकेच्या मधे लागते ती जाहिरात कुणालाही ओळखता येते. पण नायिका चहा करताना पत्तीच्या डब्यावरचं नाव नेमकं तुमच्याकडं तोंड करून असतं, ते आपोआप नसतं. कंपनीनं ते ठरवलेलं असतं आणि आम्ही मांडलेलं असतं. ज्या कंपन्यांशी करार नाही, त्यांच्या नावांवर आम्ही टेप मारतो. म्हणजे अर्धा दिवस नावं झाकायची आणि अर्धा दिवस नावं दाखवायची, असा आमचा उद्योग.

या मालिकेची मुख्य प्रायोजक मिठाची कंपनी होती. कथा मिठागरातल्या कुटुंबाची, म्हणून त्यांना ती फार आवडली होती. मुंबईची मुलगी सून होऊन खाडीकाठी येते, पहिलं कालवण करते, सासू चव घेऊन हसते. मागं फळीवर पाकीट, सहा सेकंद. कंपनीचे मॅनेजर, त्यांना आपण साहेब म्हणू, तो सीन बघायला मुद्दाम मुंबईहून आले होते आणि मॉनिटरसमोर खुर्ची टाकून बसले होते.

स्वतंत्रपणे मिळालेली माझी ही पहिलीच मालिका. आमचा मुक्काम पेणला, रामवाडीच्या लॉजवर. सकाळी निघतानाच सुधीरनं मला बाजूला घेऊन बजावलं होतं. सुधीर आमचा ईपी, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर. साहेब आज नाराज होऊन गेले तर उद्यापासून दुसरा आर्ट डायरेक्टर येईल, असं त्यानं स्वच्छ सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोक्यावर चॅनल बसलं होतं.

मी ओटीवर गेले. मावशी पाकिटाशेजारीच बसल्या होत्या, कुणी परत आत नेऊ नये म्हणून.

"बाय, तू रोह्याची ना गो?" त्यांनी विचारलं. "मंग तुला तरी कलाला पायजे. सगला गाव टीव्ही बघनार. बोलतील, कमल जल्मभर मिठागरान राबली आनि मीठ वान्याकडशी आनते."

मला खरंच लाज वाटली. लहानपणी आमच्या दारात खाडीकडच्या बायका डोक्यावर मिठाची पाटी घेऊन यायच्या. आई मापानं भात द्यायची आणि मीठ घ्यायची. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं. तरी मीठ पिकवणाऱ्यांच्या घरात मी वाण्याचं पाकीट मांडलं आणि वर नाव नीट दिसतंय ना, हे तीनदा तपासलं. पंधरा वर्षं मुंबईत राहून माझीच अक्कल गहाण पडली होती.

सुधीर म्हणाला, घर बदलू, कासू गावाच्या पलीकडं आणखी घरं आहेत. मी म्हटलं, घर बदलून काय होणार? कथा मिठागराचीच राहणार. पेणपासून अलिबागपर्यंत लोक हसतील आणि त्यांना आधी काय दिसेल, तर पाकीट.

मग मी मावशींना एक साधा प्रश्न विचारला. या घरात पुडीचं मीठ कधी आलंच नाही का?

त्यांनी जरा आठवलं. एकदा आलं होतं म्हणाल्या. थोरली सून कल्याणची. नवी नवरी आली तेव्हा तिच्या पिशवीत होतं. तिला बिचारीला काय ठाऊक.

"मग काय केलंत त्याचं?"

"काय करनार? पोरीनी हौसंनं आनलेला, फेकाचा कसा? ठेवला माझ्या मडक्याच्या बाजूला."

मी तिथून उठले ती थेट दिग्दर्शकाकडं गेले. सीन तिथंच बदलला. पाकीट फळीवर आधीपासून नाही. सून ते पिशवीतून काढते. सासू बघते, पोरीला काही माहीत नाही हे तिला कळतं, आणि ती पाकीट आपल्या मिठाच्या मडक्याशेजारी ठेवते. सून घरात आली, हे तेवढ्यात सांगून होतं.

साहेबांचा चेहरा उतरला. "आमच्या पाकिटाशेजारी सुटं मीठ? अहो, ती तर आमची कॉम्पिटिशन."

"साहेब, हे घर मीठ पिकवतं," मी म्हटलं. "या घरानं तुमचं पाकीट आत घेतलं, याहून मोठं सर्टिफिकेट कुठून आणणार?"

त्यांनी खुर्ची मॉनिटरजवळ ओढली. "किती सेकंद?"

"वीस. आणि सासूच्या हातात."

सासूचं काम करणाऱ्या बाईंचे हात फार मऊ होते, म्हणून हातांच्या क्लोजअपला आम्ही मावशींनाच बसवलं. आता त्यांची तक्रार नव्हती. त्यांनी पाकीट घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, पदरानं पुसलं आणि मडक्याशेजारी अलगद ठेवलं. पदरानं पुसा, असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. पहिलाच टेक ओके झाला.

एपिसोड लागला. साहेबांनी ती क्लिप पुढं त्यांच्या नव्या लोकांना शिकवताना दाखवली, हे मला सुधीरकडून कळलं. मालिका संपेपर्यंत आर्ट डायरेक्टर मीच होते. आजवर अनेक सेट लावले, पण त्या वीस सेकंदांइतका अभिमान मला दुसऱ्या कशाचा वाटत नाही. जाहिरात लपवायची तर खऱ्या गोष्टीच्या आड लपवावी. खोट्याच्या आड ती लपत नाही, उलट उघडी पडते.

त्या दिवाळीत रोह्याला मावशीकडं गेले, माझ्या सख्ख्या मावशीकडं. ती मालिका न चुकता बघायची. सासूनं सुनेचं मीठ ठेवून घेतलं तेव्हा रडू आलं म्हणाली. जाहिराती मात्र तिला मुळीच आवडत नाहीत. "लागल्या का मी उठते आनि भांडी घासते. आपल्याला नाय कोन फसवत."

हे बोलत ती आमटीत मीठ घालत होती. त्याच पाकिटातलं.