चोवीस तासांचा कॅन

माझ्या पोटाच्या उजव्या बाजूला, कमरेच्या हाडाजवळ, माझ्या थोरल्या बहिणीची किडनी आहे. ती तिथे बसवून सहा वर्षे झाली. हे वाक्य आज मी अभिमानाने लिहितो. मधल्या एका प्रसंगात तो अभिमान बाळगण्याचा अधिकार मी जवळजवळ गमावला होता, म्हणून तो प्रसंगही सांगणे मला भाग आहे.

ताई मुलुंडला राहते, मी घाटकोपरला. शस्त्रक्रियेनंतर ठरावीक महिन्यांनी माझी लघवी तपासली जाते. सकाळची पहिली टाकून द्यायची आणि तिथून दुसऱ्या दिवशीच्या त्याच वेळेपर्यंतची सगळी, एक थेंबही न गमावता, पाच लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये जमा करायची. दिवसभरात शरीरातून किती प्रथिने वाहून गेली, हे त्यावरून कळते. चांगली किडनी ती धरून ठेवते. प्रथिने गळू लागली की आत काही बिघडू लागले असे समजावे. दुखत काहीच नाही, त्यामुळे कॅनखेरीज कोणी सावध करणारे नसते.

ताईला माझ्या तारखा माझ्यापेक्षा जास्त पाठ असत. एका नात्यातल्या लग्नाचे आमंत्रण तिने परस्पर नाकारले होते. "त्याला त्या दिवशी जमायचं नाही," ती फोनवर म्हणाली, "त्याची लघवी जमा करायची आहे."

दोन वर्षांपूर्वी मी टाळत टाळत ती तपासणी अगदी शेवटच्या दिवसावर आणली. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांकडे जायचे, म्हणजे कॅन विसर्जनाच्याच दिवशी भरायला हवा. पूजा माझ्या हातची. सोवळे नेसून आरती करणाऱ्या माणसाने मधूनच उठून कॅन हाताळावा, हे मला कसेसेच वाटले. घरात न्हाणीघर एकच, त्याच्या बाहेर पाहुण्यांची रांग. कॅन मी बर्फाच्या बादलीत ठेवून वर टॉवेल टाकला होता. दुपारी पाहुण्यांसमोर मला तो उघडवला नाही. संध्याकाळी विसर्जनाच्या वाटेवरही एकदा जमा करायचे राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅन फारच रिकामा दिसला, तेव्हा मी त्यात दोन भांडी पाणी ओतले.

अहवाल चांगला आला. प्रथिने पूर्वीपेक्षा कमी होती. डॉक्टर बाई मात्र कागदावर जरा थांबल्या. "क्रिएटिनिनही कमी दिसतंय. लघवीतून ते रोज साधारण सारखंच जातं, कमी आलं तर जमा करताना काही सुटलं असावं. पूर्ण चोवीस तासांची जमा केली होती ना?"

मी "हो" म्हणालो. त्यांनी तीन महिन्यांनंतरची तारीख दिली.

ताईने ती बातमी तिच्या इमारतीत मजल्यामजल्यावर पोहोचवली. तिचा आनंद ऐकणे मला चार दिवस जमले. पाचव्या दिवशी मी मुलुंडला गेलो. ती पोळ्या लाटत होती. मी उभ्याउभ्याच सगळे सांगितले.

"पाणी घातलंस?"

"दोन भांडी."

"दूधवाला कधीपासून झालास रे?" तिने लाटणे खाली ठेवले. मग तिने विचारले, "लाज कशाची वाटली तुला? लघवीची, की माझी?"

मी तव्यावरची पोळी उलटली.

"अरे, ती बिघडली तर दुसरी द्यायला माझ्याकडे नाहीये. लाव फोन डॉक्टरांना."

"तू बोलतेस का?"

"मी का बोलू? मी घातलं का पाणी?"

मी बोललो. बाई रागावल्या नाहीत. उद्यापासून पुन्हा जमा करा, एवढेच म्हणाल्या. ताई त्याच संध्याकाळी चार कपडे घेऊन आमच्याकडे राहायला आली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू गप्पांना बसल्या होत्या, तरी मी कॅन हातात धरून त्यांच्यासमोरून गेलो. काकूंनी चहाचा घोट घेतला आणि कांद्याच्या भावाबद्दल बोलत राहिल्या. ज्या लाजेपायी मी बहिणीची किडनी पणाला लावली, ती जगाच्या खिजगणतीतही नव्हती.

या वेळी प्रथिने खूपच वाढलेली निघाली. लगोलग किडनीचा सूक्ष्म तुकडा काढून तपासला. माझे शरीर तिला परके मानू लागले होते. औषधे बदलली. तीन महिने थांबलो असतो तर फार उशीर झाला असता, असे बाईंनी स्पष्टच सांगितले.

त्यानंतर एकही कॅन अपुरा गेला नाही. प्रथिने हळूहळू उतरली. ती पूर्ववत झाल्याचा अहवाल हाती आला, तेव्हा ताई माझ्याबरोबर लॅबच्या बाकावर बसली होती. तिने कागद माझ्या हातातून घेतला, चष्मा लावला आणि एकेक आकडा बोट ठेवून मोठ्याने वाचू लागली. आसपासची माणसे वळून पाहू लागली. मला संकोच वाटला नाही. उलट मी ताठ बसलो.

शेजारच्या एका गृहस्थांनी विचारले, "कोणाचा हो रिपोर्ट?"

"आमच्या दोघांचा," ताई म्हणाली, आणि तिने पान उलटले.